हिरामावशीच्या नावेतले रविवार

आमच्या नावेतले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. आम्ही लग्नाच्या पंगतीत बसलो, दवाखान्यात कुणाला बघायला गेलो, नाहीतर अंबडच्या स्टँडवर नुसती बस चुकली, तरी आमच्यातलं कुणीतरी "त्या दिवशी बेटावर..." म्हणून सुरू करतं. दुसरा मधेच "तसं नव्हतं ते" म्हणतो आणि त्यात आणखी एक घालतो. असे ते वाढतच गेलेत.

आम्ही चौघं. मी अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. देशमुख सर हसनाबादचे, घरची भरपूर जमीन, आमच्याच शाळेत भूगोलाला. जाधव दवाखान्यात कंपाउंडर; जुन्या बाजारात मिळालेली दुर्बीण त्यांची. आणि नाव हिरामावशीची. पैठणला धरण झालं, पाणी अडलं, टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांच्यावर कुठकुठले पक्षी उतरायला लागले. तीन-चार वर्षं महिन्यातला एक रविवार आम्ही तिकडंच काढला.

*

पहिल्या फेरीनंतर हेडमास्तरांनी मला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी परक्या पुरुषांबरोबर पाण्यात जाणं शिक्षिकेला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा जायचं असेल तर वडिलांची लेखी परवानगी आणा, म्हणाले.

माझे वडील टेंभुर्णीला मजुरी करायचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि लिहायला शिकले ते त्यानंतर. गावच्या विहिरीत आम्हाला उतरू देत नव्हते, म्हणून त्यांनी मला लहानपणीच नदीच्या डोहात पोहायला शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद मागितला आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. ते पत्र मी न वाचताच हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

बाहेर येऊन मी घडी उघडली. लिहिलं होतं, "माझ्या मुलीला पोहता येते. आपल्या शाळेत आणखी कोणाकोणास येते, ते कळवावे."

*

देशमुख सरांना मात्र पोहणं बिलकुल येत नव्हतं. पाण्याची भीती एवढी, की नावेत पाय ठेवला की डोळे मिटायचे. तरी एक रविवार चुकवला नाही. त्यांनी ट्रकची जुनी ट्यूब मिळवली आणि ती फुगवूनच एसटीत चढले, कारण धरणावर पंप कुठून मिळणार!

कंडक्टर म्हणाला, ह्याचं लगेज लागंल. सर म्हणाले, लागणार नाही. बस थांबली, लोक वैतागले. शेवटी सरांनी ट्यूब डोक्यावरून घालून पोटापर्यंत खाली ओढली आणि शांतपणे विचारलं, "अंगावरच्या कपड्याचं लगेज घेता का तुम्ही?"

पैठणपर्यंत तसेच उभे होते. बसताच येईना.

*

पहिल्या-पहिल्यांदा सरांच्या आई त्यांना वेगळा डबा द्यायच्या आणि कुणाबरोबर वाटून खाऊ नको, असं बजावायच्या. कुणाबरोबर म्हणजे कुणाबरोबर, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. एकदा लाटेनं नाव हेलकावली आणि त्यांच्या पोळ्या भिजल्या. मी माझा डबा पुढं केला. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ते जेवले, आणि घरी गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं.

पुढच्या फेरीला ते रिकाम्या हातानं आले. मी विचारलं, डबा कुठंय?

"आईनं बंद केला," म्हणाले. "मंग बाई, आता माझ्या दोन भाकरी धरूनच थापत जा."

*

रोहित पक्षी आम्ही पहिल्यांदा बघितले तेव्हा आमच्याकडं पुस्तक-बिस्तक काही नव्हतं. उथळ पाण्यात दूरवर पांढरट गुलाबी रांग उभी. जाधवांनी दुर्बीण लावली, काढून काच पुसली आणि पुन्हा लावली. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई," म्हणाले, "सगळ्यांच्याच चोचीला फ्रॅक्चर आहे."

त्या पक्ष्याचं मोठं चित्र काढून मी वर्गात लावलं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, असला गुलाबी पक्षी आपल्या मराठवाड्यात नसतो, मुलांना खोटं शिकवू नका, काढून टाका. मी खिळे आणले आणि आधी चिकटवलेलं चित्र त्यांच्यासमोरच ठोकून पक्कं केलं. माझी पगारवाढ त्या वर्षी अडली. चित्र काही हललं नाही.

*

हिरामावशी भोयाची, नवरा वारलेला. बाईनं वल्हं धरू नये म्हणून काठावरची माणसं तिला फार बोलायची. एकदा मासेमारीच्या ठेकेदाराचा माणूस आडवा आला. पाण्याचा ठेका आमचा, परमिशनशिवाय नाव घालायची नाही, म्हणाला.

मावशीनं नाव ढकलता ढकलता म्हटलं, "माझं घर हाय ह्या पाण्याखाली. सवताच्या घरावरून जायला कुणाला इचारू?"

तो बाजूला झाला. पाऊण तास वल्हवल्यावर भर पाण्यात मावशी थांबली. चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. ती खाली बघत म्हणाली, "हितं चूल व्हती."

देशमुख सर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, वाकले आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

*

आणि मंग बंदूकवाल्याचा दिवस.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका बेटाची वाळू उघडी पडायची. तिथं सुरय पक्षी अंडी घालायचे. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे. घरटं असं नसतंच, नुसत्या वाळूवर खड्यांच्या रंगाची अंडी. आम्ही बेटाच्या कडेला थांबूनच बघत होतो, तेवढ्यात मोटारबोटीचा आवाज आला. जालन्याकडचा एक पैसेवाला माणूस आणि त्याचा ड्रायव्हर. माणसाच्या हातात बंदूक, खांद्याला काडतुसांची पिशवी.

आम्ही चौघं त्याच्या आणि अंड्यांच्या मधे उभे राहिलो. वरून पक्षी आमच्याच डोक्यावर चोची मारून राह्यले होते. त्यांना काय माहीत कोण कशाला उभं आहे ते. तो माणूस म्हणाला, सरका, छर्रे फाकतात. जाधवांनी त्याला समजावून सांगितलं, की छर्रे काढायचं काम दवाखान्यात त्यांच्याकडंच असतं, एकेकाला अर्धा तास लागतो, आणि भूल द्यायचं औषध सध्या संपलंय.

त्यानं बंदूक रोखली. कुणी हललं नाही. बराच वेळ गेला. शेवटी शिवी देऊन तो बोटीकडं फिरला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, आणि बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत बोटीचा पंखा अडकून मोडला. वारा वाढला होता. लाटा उठायला लागल्या. मोटारबोट जागची हलेना आणि बेटावर दुसरी नाव होती ती एकच.

तो आमच्याजवळ आला. मावशी, आम्हाला दोघांना काठावर सोडा, म्हणाला. आवाज एकदम मऊ.

मावशी नावेत जाऊन बसली होती. "माणसांना जागा हाय," ती म्हणाली. "काडतुसांना न्हाई."

त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्ही पाण्याकडं बघत होतो. त्यानं पिशवी उघडली आणि एकेक काडतूस पाण्यात टाकलं. मग रिकामी पिशवी उलटी करून दाखवली आणि नावेत पाय ठेवला.

मावशीनं वल्हं उचललं नाही.

"बंदुकीतलं ऱ्हायलं," ती म्हणाली.