ड्रेसरमामांची चार वाक्यं

रायपूरच्या समलिंगी पुरुषांचा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल, त्या दिवशी ड्रेसरमामांचं नाव त्यात ठळक अक्षरांत येईल. अडचण एवढीच, की तो इतिहास लिहायला कोणी बसलेलं नाही, आणि मामांचं खरं नाव आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. नवीन माणूस भेटला की मामा त्याच्याशी हात मिळवत नसत. त्याचा हात धरून उलटा करत आणि नखं बघत. नखं वाढलेली असली तर खिशातून नेलकटर काढून समोर ठेवत आणि म्हणत, "आंधी हे काप. मंग नाव सांग."

मामा मूळचे चंद्रपूरकडचे. वडील कारखान्यात लागले म्हणून कुटुंब इकडे आलं. मामांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात ड्रेसर म्हणून उभं आयुष्य काढलं. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बदलणारा माणूस. डॉक्टर जखम शिवतो आणि निघून जातो. पुढचे वीस दिवस तिच्याशी ड्रेसरची गाठ असते. मामा स्वतः आमच्यातले नव्हते. तीन मुलींचे बाप होते, विधुर होते, आणि निवृत्तीनंतर बीरगांवात एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी अकरा वाजता आम्हाला घेऊन बसत. हे ते का करतात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "वॉर्डात एक माणूस आला होता. न्हाणीत पडलो म्हणे. दोन दिवस तेच सांगे. तिसऱ्या दिवशी मीच त्याले धुतला, शेवटचा."

त्या खोलीत ज्या विषयावर बोलणं होई, त्याला सभ्य मराठीत शब्द नाही आणि असभ्य मराठीत फक्त शिव्या आहेत. काही पुरुषांना गुदमार्गात बरीच मोठी वस्तू किंवा अख्खा हात घेण्याची हौस असते. मामांना याचं आश्चर्य नव्हतं आणि कौतुकही नव्हतं. "लोकं पहाडावर चढतात," ते म्हणत, "त्याईले काहून चढता असं कोणी इचारते का? दोर मात्र पाहा लागते." मग ते दोराकडे वळत. ज्या वस्तूला मागे अडायला रुंद कड नाही ती आत जाऊ द्यायची नाही, कारण शरीर तिला वर ओढून घेतं. हातमोजा प्रत्येक माणसागणिक नवा. वंगणाची डबी ज्याची त्याची, कारण एकाच डबीत चार हात गेले की त्या डबीतून कावीळही वाटली जाते. खोबरेल तेलानं निरोध फाटतो. दारू पिऊन करायचं नाही, घाई करायची नाही, रक्त दिसलं की थांबायचं. संडासातल्या जेटची तोटी आत लावून धुणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. "तो जेट फरशीसाठी हाय बे. तुह्यं आतडं का फरशी हाय?"

एकदा नव्या रायपुरातल्या एका सभागृहात याच विषयावर कार्यशाळा झाली. तिच्या नावात 'समग्र', 'सशक्तीकरण' आणि 'संवाद' हे तिन्ही शब्द होते. दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ झाले, आणि मुख्य वक्ते पाऊण तास इतक्या शुद्ध हिंदीत बोलले, की चर्चा नेमकी कोणत्या अवयवाची चालली आहे हे शेवटपर्यंत उघड झालं नाही. आभार मानण्यासाठी मामांना उभं केलं. ते म्हणाले, "सायबांनी बहुत अच्छा बताया. सायेब बुडाबद्दल बोलून राह्यले होते." त्या दिवशी सभागृहाला मिळालेली तेवढीच माहिती. पुढच्या कार्यशाळेचं बोलावणं मामांना आलं नाही.

मामांचा सगळा भर मात्र एका कवायतीवर होता. प्रत्येकानं त्यांच्यासमोर उभं राहून चार वाक्यं मोठ्यानं म्हणायची. मामा कॅज्युअल्टीतले डॉक्टर व्हायचे, कपाळावर आठ्या आणायचे आणि विचारायचे, "क्या हुआ?" मग आपण सांगायचं. आत काय गेलं होतं. किती वाजता. रक्त, ताप, दुखणं काय आहे. त्यानंतर काय खाल्लं-प्यालं. बस. लाजेनं कोणी हसलं की पहिल्यापासून. इथल्या मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहिण्यात माझी हयात चालली आहे. मलासुद्धा ही चार वाक्यं नीट म्हणायला तीन रविवार लागले. "डॉक्टरशी खोटं बोलशील," मामा म्हणत, "एक्स-रेशी कसा बोलशील?"

सुधीर या कवायतीत सर्वांत जास्त हसायचा. तो माझा जुना मित्र, सदर बाजारात एका सराफाच्या काउंटरवर बसतो. घरचे यवतमाळकडचे, पण सुधीर मराठीला उत्तर हिंदीतच देतो. एका सोमवारी सकाळी आठला त्याचा फोन आला. पोट दुखतंय, म्हणाला. आदल्या दुपारी तो आणि त्याचा मित्र भेटले होते. त्यांनी दुखू नये म्हणून बधिर करणारी जेली लावली होती. "दर्द तो हुआ ही नहीं यार," तो म्हणाला, जणू ती जमेचीच बाजू होती. संध्याकाळपासून पोट धरलं होतं आणि अंगात ताप होता.

मी विचारलं, कोणाला दाखवलंस का? दाखवलं होतं. आमच्या शहरात बवासीर आणि भगंदर या दोन रोगांच्या जाहिराती रंगवलेल्या नाहीत अशी भिंत सापडणं कठीण. सुधीर आदल्या संध्याकाळी भिंतीवरचा पत्ता वाचून अशाच एका ठिकाणी गेला, मूळव्याध आहे असं स्वतःच सांगितलं, आणि पोट साफ होण्याच्या चूर्णाच्या पुड्या घेऊन आला. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हेच केलंय. बवासीर या शब्दामागे लपायला भरपूर जागा असते, आणि वैद्यही काही विचारत नाही.

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "पुडी घेतली का त्यानं? नसन तं घेऊ देऊ नको. पाणीबी नाही. मी येऊन राह्यलो." सुधीरने पुड्या अजून फोडल्या नव्हत्या. वीस मिनिटांत मामा त्याच्या घरी होते. पोटावर त्यांनी चार बोटं ठेवली, दाबलीही नाहीत, आणि हात काढून घेतला. "गॅस पास झाला का?"

"नहीं मामा."

"पोट पाटीसारखं झालं हाय. चाल हास्पिटलात."

"मामा, पापा सबको जानते हैं वहाँ. पुलिस केस बना देंगे."

"तू मोठा, तो मोठा, दोघाईची मर्जी. पोलीस काय करन? आतड्याले भोक पडलं आसन तं आतडं थांबते का तुह्या पापासाठी?" मग जरा हळू आवाजात, "आतल्या भागाले दुखणं समजत नाही रे. दारात समजते, घरात नाही. तुम्ही दारालेच झोपवलं."

सुधीरची आई दारात उभी होती. मामांनी तिला सांगितलं, "ताई, आतड्याचं हाय. आपरेशन लागन." ते खरं होतं, आणि तिनं त्याच्या पलीकडचं काही विचारलं नाही. तिला काय समजलं आणि काय नाही, हे आजही मला सांगता येणार नाही.

कॅज्युअल्टीत टेबलाशी एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "क्या हुआ?" सुधीरने माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि सुरुवात केली, "मॅडम, वो बवासीर का..."

मामा त्याच्या शेजारी उभे होते. ओरडले नाहीत, कोपरही मारलं नाही. फक्त रविवारी खोलीत म्हणायचे तसं, त्याच सुरात म्हणाले, "पहिल्यापासून."

सुधीरने डोळे मिटले आणि चार वाक्यं म्हटली. काय गेलं होतं. काल दुपारी तीन वाजता. जेली लावल्यामुळे तेव्हा काही कळलं नाही, आता ताप आहे आणि पोट कडक झालंय. सकाळपासून पाणीही नाही. शेवटचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं. मामांच्या कवायतीत ते तसंच होतं. डॉक्टरणीने एकदा घड्याळाकडे बघितलं, "अठारह घंटे" असं पुटपुटली, आणि सर्जनला फोन लावला. एक्स-रेमध्ये पोटात जिथे हवा नसायला हवी तिथे हवा दिसली. बाराच्या आत त्याला ऑपरेशनला घेतलं. नंतर सुधीर मला म्हणाला, "मैं तो कोर्ट-कचहरी की तैयारी में था यार. उसने बस टाइम पूछा."

सर्जन बाहेर येऊन म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर सांगता आलं नसतं. मामांनी मान डोलावली. असं त्यांनी पुष्कळदा ऐकलं असावं. पुढचे तीन महिने सुधीरच्या पोटावर मळ जमा होणारी पिशवी होती. ती कशी धुवायची, कडेची कातडी कशी जपायची, हे मामा एक दिवसाआड घरी जाऊन शिकवत. सुधीर त्या पिशवीकडे बघून रडला, तेव्हा मामा म्हणाले, "रड. पण रडता रडता पुसून घे, नाहीतर चट्टे पडतीन." पिशवी काढल्यावर सुधीरने जेली सोडली, हौस सोडली नाही. मामांनी त्यावर भाषण दिलं नाही. काविळीच्या लशीचा तिसरा डोस राहिलाय, एवढंच सुनावलं.

गेल्या हिवाळ्यात मामांची थोरली मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. ऐकू कमी येऊ लागलं होतं, जिना चढवत नव्हता. स्टेशनवर आम्ही नऊजण गेलो. मी चार ओळी मनाशी जुळवल्या होत्या. आयुष्य, ऋण, असं काहीतरी होतं त्यांत. सुधीर पाया पडायला वाकला तर मामांनी त्याला मधेच धरून उभं केलं. मुलगी, जावई, दोन हमाल आणि लग्नाला निघालेलं एक अख्खं कुटुंब शेजारी उभं होतं. मामांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं बोलले.

"संडास रोज साफ होते ना बे?"

"होते मामा," सुधीर म्हणाला. मराठीत.

"रक्तबिक्त?"

"नाही मामा."

"मंग झालं."

माझ्या चार ओळी माझ्याजवळच राहिल्या. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, त्यामुळे तोच प्रश्न मामांनी आणखी दोनदा विचारला.