कलमात न बसलेली तक्रार

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या खालच्या मजल्यावर चिकोडीकडचं एक मराठी कुटुंब राहायचं. बाई गारमेंट कारखान्यात शिवणकाम करायची, नवरा लॉरीवर. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. एका रविवारी ती बाई वर आली आणि दारातच म्हणाली, "अक्का, पोरगी शिकवणीला जाणार नाही म्हणतेय. मास्तर अंगाला हात लावतो म्हणते. मी आधी तिलाच दोन रट्टे दिले हो." आणि रडायला लागली.

मास्तर समोरच्याच घरात राहायचा. देवळाच्या कमिटीवर होता, गल्ली त्याला वाकून नमस्कार करायची.

मुलीला घेऊन आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. इन्स्पेक्टरने तिला टेबलापुढे उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर विचारलं, "काय केलं? कुठे? नीट सांग." ती जमिनीकडे बघत राहिली. मग तो मला म्हणाला, "बलात्कार नाही ना? मग विनयभंगात घालतो. पण सात वर्षांच्या पोरीला कसला विनय, मेडम?"

मास्तर त्याच संध्याकाळी जामिनावर घरी आला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून पेपर वाचत होता. मुलीने खिडकीशी जाणंच सोडलं.

मी माझ्या वकीलसाहेबांवर चिडले. ते म्हणाले, "लहान मुलांसाठी वेगळं कलमच नाही. बायकांसाठी आहे त्यातच कोंबायचं."

"मग करा की कायदा!"

"मी करू? सरकारला सांग."

सांगितलं. गल्लीत एक निवृत्त कन्नड मुख्याध्यापिका होत्या, त्या पुढे झाल्या. मागण्या साध्या होत्या. मुलांवरच्या अत्याचारासाठी राज्याने वेगळा कायदा करावा, मुलाचा जबाब ठाण्यात नको, घरी, बाईमाणसाने घ्यावा आणि आरोपीला त्याच्यासमोर येऊ देऊ नये. सह्या मागत फिरलो तर लोक म्हणायचे, "खरंच असेल हो, पण आमच्या घरात मुली आहेत, नाव नको." कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पोरीची आई दिवसभर बाहेर असते ना?" जणू गुन्हा तिनेच केला होता.

मग विधानसौध, म्हणजे तिथलं मंत्रालय. कायदा खातं म्हणालं, हे महिला-बालकल्याणचं. ते म्हणाले, गृहखात्याचं. गृहखात्यातल्या कारकुनाने इंग्रजी अर्ज पाहून कन्नड मागितला. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथेच बाकावर बसून कन्नड लिहून दिला, तर म्हणे इंग्रजीही जोडा, तीन प्रती. प्रती नेल्या तर, "साहेब मीटिंगला गेलेत, नाळे बन्नी." उद्या या! हा उद्या आम्ही सात-आठ महिने ऐकला. माझ्या सगळ्या रजा त्यात गेल्या.

एकदा एक आमदार भेटले. अर्ज चाळून म्हणाले, "असले प्रकार आपल्या संस्कृतीत नसतात."

बाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "सर," त्या म्हणाल्या, "मी सगळा जन्म शाळेत काढला. असल्या मुली दर दोन-चार वर्षांनी भेटल्या. मी गप्प बसले, ते याच संस्कृतीपायी." आमदारांनी घड्याळ पाहिलं.

शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं. विषय केंद्राच्या अखत्यारीतला, अर्ज निकाली. वकीलसाहेब म्हणाले, "थाप आहे. फौजदारी कायदा राज्यालाही करता येतो." मी तेही लिहून पाठवलं. त्याला उत्तरच आलं नाही.

खटला उभा राहीपर्यंत मुलगी पाचवीत गेली होती. कोर्टात मास्तर तिच्यापासून चार हातांवर उभा. तिने तोंड उघडलं नाही. तो सुटला, आणि ते कुटुंब शहराच्या पार टोकाला, येलहंकाला राहायला गेलं. निघताना बाई म्हणाली, "अक्का, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं." मला त्या शब्दाचीच चीड आली. पुष्कळ कुठलं? झालं काय होतं?

कायदा झाला, पण कितीतरी वर्षांनी आणि दिल्लीत. जबाब घरी, बाई अधिकाऱ्याने, आरोपी समोर नको, सगळं होतं त्यात. मुख्याध्यापिकाबाई तोवर वारल्या होत्या. माझ्या मुलाने पेपर पुढे केला. "आई, बघ, तुझा कायदा!"

"माझा कसला?" मी म्हणाले. "इतकी वर्षं काय करत होते हे सगळे?"