मनीला पोत्यात घालून नेलं

लोकांनो, मी उद्या सैन्याच्या ट्रेनिंगला निघतोय. घरी दुसरं कोणी नाही, म्हणून माझी मांजर मनी आज लाटंबार्से गावच्या एका काकांना दिली.

काका पोतं घेऊनच आले. ती काय खाते, हेसुद्धा विचारलं नाही. मनीला आत घालून पोतं फाटकापाशी गोल गोल फिरवलं. म्हणाले, "वाट कळली तर मांजर परत येता."

वाट लपवायची गरज कुणाला? मनात काळंबेरं असेल त्यालाच ना? मी स्कूटर काढून मागोमाग गेलो आणि खिडकीतून पाहिलं.

काका मनीला दोन्ही हातांत धरून गॅसच्या शेगडीपुढे ओवाळल्यासारखं गोल फिरवत होते. "ह्यां आता तुझां घर गो बाय. खंय जाव नको."

गुपचूप परतलो. पण खरं सांगा, मांजर वाट विसरतं ना? नाही विसरली, तर आमच्या कुलूपबंद दारात बसून ती कुणाला हाका मारेल?