मालकाने डोळ्यांची उघडझाप करावी

माझा मोठा भाऊ गेला त्याला आता सात महिने झाले. तो होता तेव्हा अमरावतीहून अकोल्याला मी वर्षातून दोनदा जायचो. आता महिन्यातून दोनदा जातो. दुःखापायी जात असतो तर माझी तक्रार नव्हती. मी जातो ते एखाद्या अर्जापायी, नाहीतर जागेवर नसलेल्या एखाद्या साहेबापायी.

भावाच्या घरून जेवणाची पार्सलं जातात. डाळभाजी, भाकरी, वांग्याचं भरीत, बुधवारी पातोडीचा रस्सा. रांधते वहिनी. भाऊ पिशवीला गाठ मारायचा, दारात उभा राहून ती पोचवणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्याच्याशी गप्पा हाणायचा. जेवण मागवायच्या अ‍ॅपवर नोंदणी करायचं ठरलं तेव्हा अर्ज मी भरला. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेला माणूस, कागदांचं काम माझ्याकडेच येणार. ‘मालक’ या रकान्यात मी भावाचं नाव लिहिलं. वहिनी समोरच भाकरी थापत होती. तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसरी चूकही माझीच. सुतकात परक्यांसाठी चूल पेटवायची नाही म्हणून तेरवीपर्यंत ऑर्डरी बंद ठेवायच्या होत्या. अ‍ॅपने कारण विचारलं. सुट्टी, दुरुस्ती, माल संपला, मालकी बदल, एवढ्यातून एक निवडायचं होतं. मरणाची सोय त्यात नव्हती.

वहिनी म्हणाली, “सुट्टी टाका ना भाऊजी. कोन पाहून राहिलं?”

मला ते खोटं वाटलं. मी ‘मालकी बदल’ निवडलं.

चौदाव्या दिवशी मोबाईल उघडला तर खातं गोठलेलं. मालकाने आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावा, अशी सूचना. मदतीच्या क्रमांकावर एक गोड आवाज तेच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवत राहिला. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही.

रोज पार्सल न्यायला येणारा एकजण तेव्हा ओट्यावर बसला होता. पंचेचाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, सूतगिरणी सुटल्यापासून मोटरसायकलवर हेच काम करतो. कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. तो म्हणाला, “काकू, काकांचा फोटो धरून पाहा ना. हार काढून. माहाबी चेहरा रोज मांगते ते अ‍ॅप. एकडाव तं हेल्मेट घालूनच धरला, तरी हो म्हने.”

मला राग आला, पण वहिनीने भिंतीवरचा फोटो उतरवला, हार बाजूला ठेवला, काच पदराने पुसली आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. यंत्र क्षणभर गरगरलं. मग अक्षरं आली : ‘कृपया डोळ्यांची उघडझाप करा.’

वहिनी म्हणाली, “बाप्पा! हे त्यायले जमलं असतं तं मी कायले हे घेऊन बसली असती?”

तिने फोटो परत टांगला. पोरी आपापल्या घरी, पेन्शन नाही. पार्सलं बंद म्हणजे तिला पोरींच्या दारी जाऊन राहावं लागणार. ते तिला नको होतं, आणि ते तिने मला एकदाच, पाठमोरी असताना सांगितलं.

मालकाचं नाव बदलायचं तर उद्योगाच्या नोंदणीतही ते बदलून आणा, असं अ‍ॅपवर लिहिलं होतं. मग लहान उद्योगांना आधार देणाऱ्या कार्यालयाच्या चकरा सुरू झाल्या. भिंतीवर एक हसरी बाई शिलाई मशीनवर बसलेली, खाली ‘स्वतःच्या पायावर उभ्या राहा’. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले.

“मालक कुठं हायेत?”

“वारले.”

“मंग त्यायची सही?”

मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. “हे ठीक आहे. पन नाव बदलाच्या अर्जावर जुन्या मालकाची संमती लागते, सर.”

तिसऱ्या खेपेला एका बाई अधिकाऱ्याने निदान सरळ सांगितलं. जुनी नोंदणी आणि अ‍ॅपवरचं खातं बंद करा, ताईंच्या नावाने दोन्ही नव्याने करा. जुने तारे, जुने अभिप्राय मात्र जातील. नव्या अर्जात ‘या व्यवसायाचा अनुभव’ असा रकाना होता. मी लिहू लागलो, तशा बाई म्हणाल्या, पुरावा जोडावा लागेल. पुरावा म्हणून काय जोडायचं? चटका बसलेली मनगटं? मी बराच वेळ भांडलो. मी सहसा कुणाशी भांडत नाही, त्यामुळे ते मला नीट जमलंही नाही.

“शून्य लिवा, भाऊजी,” शेजारी बसलेली वहिनी म्हणाली. “पन मालक मले लिवा.”

खातं सुरू झालं. एवढी वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत ‘नवीन’ असं येऊ लागलं. यादीत ती इतकी खाली गेली की बोट दुखेपर्यंत स्क्रीन सरकवावी लागे. पहिल्या आठवड्यात तीन ऑर्डरी आल्या. ‘भागीदार’ मंडळी दुपारी स्वतःच जेवून जात, म्हणून चूल तरी पेटत होती.

मग पहिला अभिप्राय आला. तीन तारे. ‘चव बरी आहे, पण आधी काका बनवायचे तशी नाही.’

माझ्या भावाला चहासुद्धा धड येत नसे. दारात तो दिसे, एवढ्यावरून लोकांनी ठरवून टाकलं होतं. मी चिडून तिथेच उत्तर लिहिलं : ‘काका कधीच बनवत नव्हते. मीच बनवत होते आणि मीच बनवते. उद्या पातोडी आहे.’ पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं.

“पयलं वाक्य काढा.”

“अहो, पण खरं आहे ते.”

“खरं हाय. पन ते आता उत्तर देऊ शकतात का? लोकायले वाटत असन तं वाटू द्या.” तिने मोबाईलकडे बोट केलं. “बाकीचं राहू द्या. मीच बनवते, ते तं ठेवाच.”

मी पहिलं वाक्य काढलं आणि उत्तर पाठवलं. ती पातोडीसाठी बेसन चाळायला आत गेली.