रोलरमागची गाडी

साठी ओलांडली की माणसं तीर्थाला जातात, नातवंडं खेळवतात, गुडघ्यांना तेल चोळतात. मी भंगार विकत घेतलं.

गेल्या वर्षी मायला भेटून लातूरहून परत निघाले होते. ऑटो रिंग रोडनं चालला होता. एका भंगारवाल्याच्या आवारात, चेपलेल्या टेम्पोच्या मागं, ती उभी दिसली. लाकडी अंगाची, पत्र्याच्या गोल छपराची, चार लोखंडी चाकांची गाडी. मी ऑटो थांबवला आणि नांदेडची एसटी सोडली.

माझे वडील बांधकाम खात्यात रोलर चालवायचे. रस्त्याचं काम जिथं, तिथं त्यांचा मुक्काम. ड्रायव्हरनं राहावं म्हणून सरकार रोलरच्या मागं अशी गाडी जोडून द्यायचं. बाकीचे ड्रायव्हर बायकापोरं गावी ठेवून एकटे राहायचे. आम्हाला गावी धड घरच नव्हतं, म्हणून माय, बाबा आणि मी, सगळा संसार त्या गाडीत. शाळेत जाईपर्यंतची माझी वर्षं निलंग्याच्या आसपासच्या रस्त्यांवर अशीच गेली. रोलर चार हात पुढं गेला की घरही चार हात पुढं. भाऊ नंतरचा, पक्क्या घरात जन्मलेला. त्यामुळं गाडी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं मारुती येते.

भंगारातली गाडी आमचीच होती असं मी म्हणणार नाही. सरकारी गाड्या सगळ्या एका साच्यातल्या. पण दाराच्या आतल्या बाजूची कडी मी हातानं चाचपली आणि ती न बघताच मला सरकवता आली. भंगारवाला म्हणाला, "बाई, लोखंड चांगलं हाय, पर लाकूड गेलंय. काय करताव?" मी म्हटलं, राहते. तो हसला नाही. त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, डोकं ठिकाणावर हाय का?"

"ठिकाणावर असतं तर रेल्वेच्या कचेरीत सारा जन्म काढला असता का?" असं म्हणून मी फोन ठेवला.

आता खरं सांगते. जुन्या वस्तूंची मला हौस नव्हती. मला माय पाहिजे होती. लग्न मी केलं नाही. जमलं नाही म्हणा, जमू दिलं नाही म्हणा. नोकरी होती तोवर दिवस तरी माणसांत जायचा. निवृत्त झाल्यापासून नांदेडच्या कडेला प्लॉट घेऊन बांधलेल्या दोन खोल्यांत मी आणि माझा मिक्सर, एवढाच काय तो आवाज. कधी कधी दुपारी कुणाचा तरी चुकून फोन यायचा आणि मी "राँग नंबर" म्हणायला उशीर करायची.

माय लातूरला भावाकडं असते. भावानं वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरापोरींना खोल्या दिल्यात. माय सकाळी पायरीवर बसते ती जेवायलाच आत जाते. कोणाची परीक्षा कधी, कोणाचा डबा आला नाही, कोणाची आई आजारी, सगळं तिला पाठ. माझ्याकडं दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची. "तुझ्याकडं काय करू? भिंती मोजू का?" म्हणायची. मी अबोला धरायची. ती खुशाल बसस्टँडकडं तोंड करून बसायची.

मला वाटलं, भिंतींच्या घरात ती रमत नाही, पण गाडीत रमेल. ही माझी अक्कल.

क्रेन, ट्रक, गल्लीतून वाकलेली तार, असे सगळे सोपस्कार होऊन गाडी अंगणात आली. तिच्या खाली चिखल नको म्हणून मी आधीच फाटकापासून घरापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. सुताराला बोलावलं. सडलेल्या फळ्या निघाल्या, वेल्डरनं खालचा सांगाडा जोडला, छपराला नवा पत्रा लागला. सुतार काम करता करता म्हणायचा, "ताई, सगळं हून राहिलं. पर ह्याला वढायला रोलर आणावा लागंल." त्याच्या चहाच्या वेळेला मी दोन कप करायची. काम लवकर संपू नये असं वाटायचं, पण हे त्याला कसं सांगणार? मी मुद्दाम एका फळीचा रंग बदलायला लावला. नंतर आधीचाच चांगला होता म्हणून तो परत लावायला सांगितला.

मग वस्तूंचं वेड लागलं. निलंग्याच्या आठवडी बाजारापासून नांदेडच्या जुन्या बाजारातल्या मोडीच्या दुकानांपर्यंत मी फिरले. पितळेचा पंपाचा स्टोव्ह मिळाला. काजळी धरलेला कंदील मिळाला, त्याची काच दुसऱ्या कंदिलाची. रॉकेलचं नरसाळं, पत्र्याची पेटी, जर्मनचं पातेलं, चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर. एका कंदिलासाठी एका हॉटेलवाल्याशी माझी जुंपली. त्याला तो भिंतीवर शोभेला टांगायचा होता. मी म्हटलं, आम्ही याच्या उजेडात जेवलोय. दुकानदार माझ्या बाजूनं पडला, म्हणाला, "बाईंना द्या साहेब, ह्या सोडणाऱ्यातल्या न्हाईत." घरी आणून मी प्रत्येक वस्तू चिंचेनं, राखेनं घासायची आणि आठवून आठवून जागेवर ठेवायची. स्टोव्ह कोपऱ्यात, पेटी फळीखाली, कंदील मधल्या आकड्याला. रिकाम्या घरापेक्षा भरलेल्या गाडीत एकटं बसणं बरं वाटायचं, आणि बसल्या बसल्या मी मायची वाट बघायची.

एका रविवारी भाऊ तिला घेऊन आला. मी तिला काहीच कल्पना दिली नव्हती. ती काठी टेकत फाटकातून आत आली आणि गाडी बघून थांबली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "अगं बया, हे धूड कुठून आणलंस?"

तिला धरून पायऱ्या चढवल्या. आत येऊन ती फळीवर बसली. सगळीकडं बघितलं. स्टोव्हकडं काठी करून म्हणाली, "ह्यो हितं नव्हता. भायेर होता."

"कंदील?"

"भायेर. बाभळीला टांगायचे."

"पेटी तरी इथंच होती ना गं, फळीखाली?"

"फळीखाली डिझेलचे डबे. पेटी भायेर, दगडावर. आत तुझा बाप निजायचा अन् त्याची हत्यारं. पाऊस आला तरच आपण आत. डिझेलच्या वासानं माझं डोकं धरायचं, तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या आठवणीतली गाडी चिमणीच्या उजेडाची, फोडणीच्या वासाची होती. भावानं मागं तोंड करून हसू दाबलं. मला राग आला. एवढे महिने कोपरे घासले आणि ते कोपरे डिझेलच्या डब्यांचे निघाले.

माय खाली उतरली. गाडीच्या दारापुढं उभी राहून तिनं काठीनं पेव्हर ब्लॉक वाजवला. "अन् अंगण कुठंय?" म्हणाली.

"रस्त्याच्या कडेला कसलं अंगण, माय?"

"मी करायची ना. मुक्काम हालला की पैले जागा झाडायची, खडे वेचायची, मग सारवायची. चांगलं धा-बारा बाया बसतील एवढं. तुझा बाप खेकसायचा, चार दिसानं हालायचंय, कशाला हात मोडून घेती म्हणून." ती दम घ्यायला थांबली. "मला वाटायचं, गावच्या बाया येतील. शेतात जाता-येता टेकतील."

"मग?"

"पाण्याला गेले की इचारायच्या, कुठल्या, कोणाच्या. सांगितलं की झालं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटंनं जायच्या."

आम्ही बौद्ध. बाबा सरकारी नोकर, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, आणि रोलर थांबला की गावातली पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मला तेवढंच दिसलं होतं. मायच्या सारवलेल्या जागेवर मी एकटीच चिंचोके खेळायची. ती जागा माझ्यासाठीच मोकळी ठेवलीय, असं मला वाटायचं.

"एक आली होती," माय म्हणाली. "निलंग्याच्या अलीकडं. भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली, बसली, फोडत फोडत लई बोलली. तिचा नवरा, तिची सासू, सगळं. उद्या येते म्हणली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी हालली. मी तुझ्या बापाला म्हणलं, एक दिवस थांबा. ते म्हणले, हुकूम हाय."

शेंगांवरून तो मुक्काम मला आठवत होता. म्हणजे दिवस आठवत होता. त्या सकाळी बाबांनी मला पहिल्यांदा रोलरवर शेजारी बसवलं होतं. मागं गाडीत माय काय करत होती, ते मी वळून बघितलंच नव्हतं.

भाऊ पाणी आणायला आत गेला. मायनं माझ्या हाताला धरलं. "तुझ्याकडं कोण येतं गं?"

मी सांगायला लागले. दूधवाला येतो. गॅसवाला येतो. सुतार रोज यायचा.

"ते काय येणं झालं?"

मग लाज सोडून म्हटलं, "म्हणून तर म्हणते, तू रहा ना, माय. मला करमत नाही."

असं मी तिला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता. "मी असल्या घरात एकदा राहिले, बाई. आता न्हाई होत. तूच चल लातूरला. पायरीवर जागा हाय."

मी म्हटलं, घर कोण बघेल, नळाचं पाणी कोण भरेल. तिनं आग्रह केला नाही. ऊन उतरायला लागलं तसे ते निघाले. भावाच्या गाडीच्या काचेतून तिनं हात हलवला तो कोणाला, मला की त्या धुडाला, ते कळलं नाही. त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला नाही, कंदीलही लावला नाही. घरात बसून मनसोक्त रडले. तिच्यावर चिडूनच जास्त, कारण ती खरं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पहार घेतली आणि गाडीपुढचे पेव्हर ब्लॉक उचकटायला लागले. कंबर धरली. तरी दहा-बारा बाया बसतील एवढी माती मोकळी झाली. पाणी मारलं, धोपटलं. आता शेण पाहिजे होतं. रस्त्यापलीकडं पत्र्याच्या गोठ्यात म्हशी आहेत, हे मला हंबरण्यावरून माहीत होतं. बादली घेऊन मी पहिल्यांदा तिकडं गेले.

माझ्याच वयाची एक बाई धार काढत होती. मी शेण मागितलं. ती म्हणाली, "घ्या की, लागंल तेवढं. कुठल्या तुम्ही?"

"समोरचीच," मी म्हटलं आणि माझ्या फाटकाकडं हात केला.

तिनं माझ्या खांद्यावरून तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तिथं कोणी ऱ्हातं व्हय?" ती म्हणाली. "आमाला वाटलं, भंगाराचं गोडाऊन हाय."