पायाला चिमटा

"चिमटा काढायचाच तर पायाला काढावा, पोटाला नाही," असं तनुजा उठता-बसता म्हणायची.

यवतमाळकडची ही पोर पुण्याला शिकायला आली, विश्रांतवाडीत साताऱ्याच्या शेफालीबरोबर खोली घेऊन राहू लागली, आणि बस, रिक्षा तिने आयुष्यातून वजा केल्या. वर्गातल्या मुली नाश्ता बुडवून पैसे राखायच्या आणि दुपारी एकमेकींवर खेकसायच्या. तनुजा पोटभर जेवायची, भातावर तूप घ्यायची आणि गाणं म्हणत गावभर चालायची. तिच्या चपला झिजून पापडासारख्या झाल्या होत्या.

हे सगळं एका तिकिटासाठी. तिची आई विमलाबाई शेतात निंदताना वर विमान दिसलं की खुरपं थांबवायची आणि ते ढगात विरेपर्यंत बघत राहायची. त्या आईला नागपूरहून पुण्याला विमानाने आणायचं, एवढा एकच ध्यास. विश्रांतवाडीवरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. तनुजा प्रत्येक विमानाला हात करायची. शेफालीला आधी लाज वाटली, मग तीही करू लागली.

स्वस्तात तिकीट मिळायला आता एकच दिवस उरला होता आणि पैसे थोडेसेच कमी पडत होते. आठवड्याची भाजी मार्केट यार्डातून ठोक भावाने आणली की भागेल, असा हिशोब तनुजाने मांडला. पहाटेच दोघी निघाल्या. अर्थात चालत.

यार्डात मेथीचे हिरवेगार ढीग बघून तनुजाला आपलं रानच भेटल्यासारखं झालं. रंगराव नावाच्या आडत्याने जुडीचा भाव सांगितला. तिने तो पाडला, पुन्हा पाडला. भोवती हमाल गोळा झाले, तिची बाजू घेऊन हसू लागले. शेवटी रंगराव म्हणाले, दिली. तनुजा म्हणाली, घेतली. आणि हमालाने तिच्या पायाशी मेथीचा अख्खा डोंगर आणून टाकला.

"मला दोनच जुड्या हव्या होत्या," ती म्हणाली.

"ताई, इथं शेकड्यानं माल जातो. सुटी जुडी पाहिजे होती तर एवढं भांडलात कशाला?"

चार माणसांत भाव पाडून माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने तिकिटाच्या पैशांना हात घातला. शेफालीने तिचा हात धरला. आणि तनुजाकडे पाहिलं तर ती खुदुखुदु हसत होती. मग दोघींनाही हसू आवरेना.

हसत, धापा टाकत, गाठोडी डोक्यावर घेऊन त्या स्वारगेटला आल्या. बसमधून उतरणाऱ्या माणसांपुढे तनुजाने मेथी मांडली आणि गावच्या बाजारातली आरोळी ठोकली.

एक गृहस्थ चष्मा सरसावून थांबले. "कॉलेजात हाच विषय आहे का?"

"प्रॅक्टिकल आहे, काका. पास करायचं असेल तर दोन जुड्या घ्या."

त्यांनी चार घेतल्या, पण चेहरा आंबटच ठेवला. ऊन तापायच्या आत गाठोडी रिकामी झाली. टाकलेले पैसे सुटले, कमी पडत होते तेही जमले. मातीच्या बोटांनी तिथेच उभ्याउभ्या तिने फोनवर तिकीट काढलं.

"खिडकी उघडते का वं त्याची?" विमलाबाईंनी फोनवर विचारलं. तनुजा हसतच सुटली.

आई येणार तो दिवस उजाडला. तनुजाने कोपऱ्यावरून मेथीची एक जुडी घेतली, आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता, आणि तिला लाल रिबीन बांधली.

"आज तरी रिक्षा कर," शेफाली म्हणाली.

"येताना करीन. आईच्या पायाला चिमटा नाही."

मेथी छातीशी धरून ती विमानतळाच्या वाटेला लागली. गॅलरीतून शेफाली बघत राहिली. डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं. नागपूरचं की कुठलं, कोण जाणे. पण रस्त्याच्या मधोमध थांबून तनुजाने जुडी उंच धरून हलवली, मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकला, त्यालाही हलवली, आणि वळणाआड गेली.