वायरमनमामांनी न पाहिलेला भाग

वायरमनमामा कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी उलटा हात लावून पाहायचे. माझ्या घराचं फाटक, शाळेचं कपाट, हातपंपाचा दांडा, काहीही. "सरळ हात लावला तं करंट माणसाला धरून ठेवतो गुरुजी, उलटा लावला तं झटकून देतो," हे त्यांनी मला पन्नासदा तरी सांगितलं असेल. माझी बायको म्हणायची, स्वतःच्या लग्नातही नवरीचा हात यांनी असाच तपासून धरला असेल.

डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका खेड्यात मी तेव्हा मास्तर होतो आणि मामा आमच्या भागाचे वायरमन. राहायचे तांड्यावर, यायचे सायकलवर, कमरेला पक्कड. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि लाईट गेली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आमच्या मामांना मात्र एक वेड होतं. रविवारी सकाळी टीव्हीवर अंतराळातल्या यानाची एक हिंदी मालिका लागायची. पत्र्याचं यान, पुठ्ठ्याचे ग्रह, आणि कप्तानापुढे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकणारे दिवे. मामांचा त्या मालिकेवर भारी जीव.

"अर्थिंग न्हाई हो त्या यानाला," ते खऱ्या काळजीनं म्हणायचे. "येक दिवस मरतेत हे."

कप्तान, शास्त्रज्ञ बाई, असे बडे लोक होते त्यात. पण मामांचा जीव यानाच्या मेकॅनिकवर. काही बिघडलं की त्या बिचाऱ्याला दोरी बांधून यानाबाहेर पाठवायचे. "आपल्या खात्यातला गडी हाय," मामा म्हणायचे.

गावात टीव्ही दोनच, त्यातला एक माझा. मामा बाहेर चपला काढून, दाराच्या चौकटीला टेकून, उभ्यानं सगळा भाग पाहायचे. त्यांना "आत या, बसा" म्हटल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे म्हटलंच नाही. आता या वयात स्वतःला सूट कशाला देऊ?

एकदा ते शाळेत शिडीवर चढून बल्ब बदलत होते आणि मी पोरांना त्याच मालिकेतला स्फोट तोंडानं आवाज काढून दाखवत होतो. वरून मामा म्हणाले, "गुरुजी, तिथं हवाच न्हाई, तं आवाज कसा येईल? सिरेलवाल्यांचं चुकलं ते." पोरं फिदीफिदी हसली. शाळेत विज्ञान मी शिकवायचो. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं.

मग शेवटच्या भागाचा रविवार आला. आधीच्या भागात मेकॅनिक यान दुरुस्त करायला बाहेर गेलेला आणि मागं दार बंद झालेलं. आठवडाभर मामांच्या तोंडी एकच विषय, त्याला आत घेतील का? त्या दिवशी वारा सुटला होता, दुसऱ्या टीव्हीची अँटेना सकाळीच आडवी झाली होती. माझ्या घरात माणसं दाटीवाटीनं बसलेली. मालिकेचं गाणं सुरू झालं आणि लाईट गेली. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"मामा, काहून उभे राहिलात? जा की!" मी ओरडलो.

ते चपलेत पाय घालत म्हणाले, "जातो, जातो. तुमी नीट बघा फक्त गुरुजी. मला सांगा नंतर."

दहा मिनिटांत लाईट आली, ती भाग संपेपर्यंत टिकली. कशी टिकली ते मला मागाहून कळलं. सैल तारा वाऱ्यानं एकमेकींना लागत होत्या आणि डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज उडत होता. मामा कोरड्या बांबूनं त्या तारा अलग धरून तेवढा वेळ उभे राहिले होते. आम्ही आत बसून पाहिलं. कप्तानानं यान मागं वळवलं, स्वतःच्या हातानं दार उघडलं आणि मेकॅनिकला आत ओढून घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मामा आले तेव्हा त्यांचे दंड थरथरत होते. "घेतलं का आत?"

मला ते शिडीवरचं बोलणं आठवलं. आजूबाजूला हसरी तोंडं होती. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

"कशाचं आत? मेला तो. दार उघडलंच न्हाई. सोडून गेले त्याला."

बाकीच्यांनीही माझ्या सुरात सूर मिळवला. मामांनी एकदाच विचारलं, "खरंच का गुरुजी?" मी मान हलवली. बायकोनं केलेला चहा न घेताच ते सायकलवर बसून गेले. संध्याकाळी खरं सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी ते आले नाहीत. बाकीचे आठवड्यात ते विसरूनही गेले, आणि मामांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, कारण गुरुजींनी सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी ते कागद घेऊन आले. "टीव्हीवाल्यांना अर्ज लिहा. म्हणावं, अजून येक भाग काढा अन् त्याला आत घ्या. तुमचं हिंदी बराबर हाय."

मी लिहिला हो तो अर्ज! जिवंत माणसाला जिवंत करण्याची विनंती, शुद्ध हिंदीत. मामांनी खाली सही केली. पाकीट मी टाकतो म्हणालो आणि टाकलं नाही. उत्तर आलं असतं तर? ते बरेच महिने पोस्टमनला विचारत राहिले. तांड्यावरच्या पोरांना ते साऱ्या मालिकेची गोष्ट रंगवून सांगायचे, पण शेवटच्या भागापाशी थांबायचे. पोरं विचारायची, पुढं काय झालं? "पुढं लाईट गेली," मामा म्हणायचे.

माझी बदली झाली, पुढं मी आणि मामा दोघंही निवृत्त झालो. मी आखाडा बाळापूरला घर बांधलं. मागच्या वर्षी एका दुपारी मामा दारात, धापा टाकत, हातात मोबाईल.

"गुरुजी, मेला न्हाई त्यो! आत घेतलं त्याला!"

कुणीतरी ती जुनी मालिका इंटरनेटवर टाकली होती. आता हा माणूस मला जाब विचारणार, आणि विचारावाच, असं वाटलं. पण मामा हसत होते.

"वारा लई व्हता त्या दिशी. पडद्यावर मुंग्या आल्या असतील, तुमाला दिसलं नसंल. तुमी बी इतकी वर्सं तेच धरून बसलात ना? सकाळी पाह्यलं अन् यष्टीत बसलो. म्हणलं गुरुजीला तोंडानं सांगावं."

त्यांनी मला शेजारी बसवून तो भाग दाखवला. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माझं तोंड पाहत होते, मला आनंद होतोय का ते. दार उघडलं तेव्हा मला रडू फुटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी पाठीवर हात ठेवला. "रडू नका. घेतलं ना त्याला."

आताच सांग, आताच, असं मन ओरडत होतं. मी म्हणालो, "व्हय मामा. मुंग्याच होत्या त्या दिवशी."

यंदा संक्रांतीनंतर मामा गेले. मी तांड्यावर भेटायला गेलो, खरं सांगायचं ठरवूनच. निदान त्यांच्या लेकीला तरी. तिनं मला ओळखलं आणि डोळ्याला पदर लावला.

"बाबा सगळ्यांला सांगायचे, गुरुजी लई मायाळू माणूस. टीव्हीतला माणूस वाचला म्हणून लेकरासारखे रडले."

आजूबाजूची माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, मला पुन्हा भरून आलं.